सात मिनिटांचा उशीर

“सर, सगळ्याच ताऱ्यांचं सात मिनिटंच येतंय.”

उज्ज्वलानं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला आणि ती उभीच राहिली. मी चहा पीत होतो. तिच्या थीसिसला तेवीस दिवस उरले होते आणि त्या दिवसांत ती रोजच कसला ना कसला कागद आणत होती. मी न बघताच म्हणालो, “बस आधी.”

ती बसली नाही.

“सर, लई वेळा तपासलं. काल दिवसभर तेच केलं. माझंच कुठंतरी चुकतंय.”

कागदावर एकोणीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एका ताऱ्याचा नंबर आणि पुढं मिनिटं. पावणेसात, सात, सव्वासात, सात, सहा पन्नास. मी शेवटच्या ओळीपर्यंत गेलो, परत वर आलो आणि चहाचा कप बशीत ठेवला. चूक तिची नव्हती, हे मला तिथंच कळलं. कुणाची होती तेही कळलं. पण ते तोंडातून बाहेर यायला मला अख्खी दुपार लागली.

आधी आमचं काम काय ते सांगतो. मी विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात होतो. गुलमंडीतला माझा कापडवाला शेवटपर्यंत मला शनीची साडेसाती कधी सुटणार ते विचारत राहिला, आणि मी शेवटपर्यंत त्याला सांगत राहिलो की माझा तो विषय नाही. माझा विषय होता धडधडणारे तारे. काही म्हातारे तारे फुगतात आणि आकसतात. फुगताना-आकसताना त्यांचा उजेड कमी-जास्त होतो. हे अगदी ठरल्या वेळेनं चालतं. कुणाचा एक फेरा सात तासांचा, कुणाचा चौदा तासांचा. असे तारे गोल तारकागुच्छांत सापडतात. गुच्छ म्हणजे लाखभर ताऱ्यांचा गोळा, एकाच वेळी जन्मलेला. एका ताऱ्याचा उजेड वेळेप्रमाणं मांडला की जी रेघ मिळते तिला आम्ही लाइट कर्व्ह म्हणतो. झटकन चढते, सावकाश उतरते. माझी सगळी नोकरी ही रेघ बघण्यात गेली.

आकाश बघायचं काम मात्र आमचं नव्हतं. ते दक्षिणेतल्या एका वेधशाळेतले लोक करायचे आणि आम्हाला फाइली पाठवायचे. फाइलीत दोन रकाने. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात उजेड. आमचं काम दिवसाउजेडी, कॉम्प्युटरसमोर, कूलरच्या आवाजात.

उज्ज्वला माझी शेवटची विद्यार्थिनी. शेंद्र्याची. घरी शेती, दोन्ही भाऊ गावाशेजारच्या एमआयडीसीत. घराण्यात एम.एस्सी. झालेली ही पहिलीच. औरंगपुऱ्यातल्या एका कॉलेजात ती सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर तुम्ही मास्तर, नाही घेतला तर कुणी नाही. सकाळी तिथं शिकवायचं, दुपारी स्कूटीवर आमच्याकडं. त्या कॉलेजात फिजिक्सची कायम जागा निघणार होती. पण पीएच.डी. लागणार होती. प्राचार्यांनी तिला तसं सांगितलं होतं. त्यामुळे ही पदवी तिच्यासाठी नुसती नावापुढं लावायची गोष्ट नव्हती.

आणि पदवी मिळण्यासारखं कामही झालं होतं. निदान त्या दिवसापर्यंत तरी आम्हाला तसं वाटत होतं.

तिच्या आधी गिरीश नावाचा माझा विद्यार्थी होता. त्यानं दुसऱ्या एका गुच्छातले तारे घेतले होते. जुनी वर्षं आणि नवी वर्षं यांची तुलना केली, तर नव्या वर्षांत सगळे तारे थोडे उशिरा उजळत होते. प्रत्येक ताऱ्याचा उशीर आम्ही त्याच्या स्वतःच्या फेऱ्याचा हिस्सा म्हणून मोजला. या हिश्शाला फेज म्हणतात. आमच्या धंद्यात सगळं फेजमध्येच मोजायची रीत आहे. मग आलेख काढला, तर काय विचारता! लहान फेऱ्याच्या ताऱ्यांचा उशीर जास्त, मोठ्या फेऱ्याच्या ताऱ्यांचा कमी, आणि सगळे ठिपके एका सुंदर उतरत्या रेघेवर. एकही ठिपका इकडं नाही की तिकडं नाही. लहान फेऱ्याचे तारे लवकर म्हातारे होतात, असा अर्थ आम्ही त्यातून काढला. पेपर छापून आला. गिरीश डॉक्टर झाला, एका कॉलेजात विभागप्रमुख झाला. तपासणी समिती येणार होती तेव्हा तो आलेख मोठा करून, फ्रेम करून विभागाच्या व्हरांड्यात लावला. समितीच्या अध्यक्षांनी त्याच्यासमोर थांबून “वा” म्हटलं होतं.

उज्ज्वलानं वेगळा गुच्छ घेतला आणि तिलाही तीच रेघ मिळाली. तेव्हा मी विभागात पेढे वाटले. दोन गुच्छ, एकच नियम! निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

आता थीसिसच्या परिशिष्टात ती एक साधा तक्ता करत होती. परीक्षकांना सोयीचं जावं म्हणून उशीर फेजऐवजी मिनिटांत द्यायचा, असं मीच सांगितलं होतं. कंटाळवाणं काम. फेजला फेऱ्यानं गुणायचं, संपलं. तिनं गुणलं, आणि प्रत्येक ताऱ्याची सात मिनिटं आली.

गणित अगदी चौथीतलं आहे. सात तासांच्या फेऱ्यात सात मिनिटं म्हणजे साठावा हिस्सा. चौदा तासांच्या फेऱ्यात तीच सात मिनिटं म्हणजे एकशेविसावा हिस्सा. लहान फेरा, मोठा हिस्सा. आमच्या सुंदर रेघेत ताऱ्यांचं काही नव्हतंच. एकच आकडा आम्ही वेगवेगळ्या आकड्यांनी भागत होतो आणि भागाकाराला निसर्गाचा नियम म्हणत होतो. एकोणीस तारे ठरवून सात-सात मिनिटं उशीर करत नाहीत. एकोणीस जण एकाच वेळेला उशिरा आले, तर घड्याळ बघायचं असतं.

“मी प्रोग्राम तीनदा चालवला सर,” उज्ज्वला म्हणाली. “आपलाच. तुम्ही दिलेला. त्यात तर मी कायबी बदललेलं नाय.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

तो प्रोग्राम मी तरुणपणी फोरट्रानमध्ये लिहिला होता. गिरीशला मी दिला, गिरीशनं तिला दिला. ‘सरांचा प्रोग्राम’ असंच त्याचं नाव. उघडून कुणी बघितला नाही. बघायचा नसतो असं कुणी सांगितलं नव्हतं. पण सरांचा म्हटल्यावर विषय संपत असे. आणि मला ते आवडत असे, हेही आताच कबूल करून टाकतो.

त्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती, ती वेळेत एक दुरुस्ती करायची. ही दुरुस्ती मी एकदा उज्ज्वलालाच तिच्या गावाच्या हिशोबानं समजावली होती. जालन्याहून येणारी बस आधी शेंद्र्याला येते, मग सिडकोला. एकानं शेंद्र्याला वेळ टिपली आणि एकानं सिडकोला, तर दोघांचं जमणार नाही. म्हणून सगळ्यांनी ठरवायचं की वेळ सिडकोचीच लिहायची. शेंद्र्याला उभं असलेल्यानं मधल्या रस्त्याचा वेळ त्यात मिळवायचा. ताऱ्याचा उजेड म्हणजे ती बस. पृथ्वी वर्षभर सूर्याभोवती फिरते, कधी ताऱ्याच्या जरा जवळ असते, कधी लांब. म्हणून सगळे जण वेळ सूर्याची लिहितात, जणू आपण सूर्यावरच उभे आहोत. हे गुच्छ ज्या महिन्यांत बघायला मिळतात त्या महिन्यांत फरक साधारण सात मिनिटांचा असतो.

“सर,” उज्ज्वला हळूच म्हणाली, “वेधशाळेनं आधीच सिडकोची वेळ लिवून पाठवली असंल तर?”

मी उठलो. कपाटातून पत्रव्यवहाराची फाइल काढली. पानं उलटत गेलो. गिरीशनं काम सुरू केलं त्याच्या आधीच्या वर्षातलं एक पत्र निघालं, सीडीबरोबर आलेलं. चार ओळींचं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की यापुढच्या सर्व फाइलींतल्या वेळा सूर्याच्या हिशोबानं दुरुस्त करून दिल्या आहेत, कृपया नोंद घ्यावी.

आणि पत्राच्या कोपऱ्यात, निळ्या शाईत, माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पाहिले’. खाली सही. तारीखसुद्धा.

आमच्याकडं आलेल्या प्रत्येक कागदावर ‘पाहिले’ लिहायची पद्धत आहे. दिवसाला वीस कागद येतात. शिपाई गठ्ठा ठेवतो, आपण सह्या करत जातो, तो गठ्ठा उचलतो. पाहायचं कुणी?

त्या एका सहीमुळे नव्या सगळ्या वर्षांत दुरुस्ती दोनदा झाली होती. एकदा त्यांनी केली, एकदा सरांच्या प्रोग्रामनं. तारे वेळेवरच होते. उशीर आम्ही केला होता.

उज्ज्वलानं पत्र वाचलं. सही बघितली. फाइलीत पत्र परत घालताना तिनं पंचिंगची भोकं नीट जुळवली. ती रडली असती किंवा चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भोकं जुळवत होती.

मी नव्या वर्षांच्या फाइलींपुरती ती ओळ बंद करून प्रोग्राम चालवला. पंधरा मिनिटांत नवा आलेख आला. ठिपके शून्याच्या रेघेवर, आडवे. एकही तारा बदललेला नव्हता. उज्ज्वलाच्या थीसिसची पाच प्रकरणं होती, त्यातली शेवटची दोन या उशिरावर उभी होती. ती दोन्ही गेली. पहिली तीन शाबूत होती, पण तेवढ्यांवर पदवी मिळत नाही. नवी दोन लिहायला सहा महिने तरी हवे होते. हातात तेवीस दिवस.

आता मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते. पण लिहायलाच बसलोय तर लिहितो.

“उज्ज्वला, आत्ता आहे तसा सबमिट कर. व्हायवा झाला की मग शांतपणे दुरुस्ती छापू.”

तिनं माझ्याकडं बघितलं. “व्हायवात कुणी इचारलं तर?”

“कोण विचारणार? गिरीशला कुणी विचारलं का?”

“गिरीशसरांना ठाऊक नव्हतं सर. मला हाय.”

मी पत्राची फाइल कपाटात ठेवली. ती म्हणाली, “मुदतवाढ मागू सर. सहा महिन्यांत करते मी. नोकरी सोडून बसते हवं तर.”

मुदतवाढ तिनं आधी एकदा घेतली होती, आईच्या ऑपरेशनच्या वेळी. दुसऱ्यांदा मिळते का याची मला कल्पना नव्हती. मी विभागप्रमुखांकडं गेलो. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार, घाईत असलेले गृहस्थ. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

“सर, व्हरांड्यातला आलेख?”

“तोच.”

“आणि गिरीशची डिग्री?”

“तीही त्यावरच.”

“हे बघा,” ते म्हणाले, “मुदतवाढीचा फॉर्म असतो. गाईडनं भरायचा, कँडिडेटनं सही करायची. कारण काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मी आज काही ऐकलेलं नाही. तुम्ही सांगितलं नाही, मी ऐकलं नाही.”

गिरीशला कळवणं भाग होतं. फोन केला. तो आधी हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग त्याचं हसणं थांबलं.

“सर, आमच्याकडं प्राचार्यपदाचं चाललंय.”

“अरे, पण चूक तुझी नाहीच. माझी आहे.”

“पेपरवर पहिलं नाव माझं आहे सर. थोडे महिने थांबा. तुमच्या पाया पडतो. कागदावर काही आणू नका.”

वाचणाऱ्याला वाटेल मी गिरीशसाठी थांबलो. नंतर बरेच दिवस मीही स्वतःला तेच सांगत होतो. ते खरं नाही. माझ्या निवृत्तीचा समारंभ ठरत होता. त्यात माझ्यावर एक गौरवपुस्तिका निघणार होती आणि तिच्या मुखपृष्ठावर तोच आलेख होता. मी भ्यालो होतो, एवढंच.

फॉर्म एका पानाचा होता. नाव, विषय, नोंदणीची तारीख, आणि ‘मुदतवाढीचे कारण’. त्या रकान्यापाशी मी पेन धरून बसलो. खरं कारण एका ओळीचं होतं: मार्गदर्शकाच्या प्रोग्राममध्ये चूक आढळली. मी ते लिहिलं नाही.

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर उर्दूतली दप्तरं मराठीत उतरवून घ्यायचं काम निघालं, त्यात ते लागले आणि तिथंच निवृत्त झाले. आयुष्यात त्यांनी रजेचे शेकडो अर्ज बघितले असतील. ते सांगायचे, अर्जात कारण नेहमी घरगुती लिहावं. घरगुती म्हटलं की साहेब पुढं विचारत नाही. आमच्याकडं सगळे तसंच लिहितात. लग्न असो, आजार असो, कोर्टाची तारीख असो, लिहायचं ‘वैयक्तिक अडचण’. कुणाला खोटं वाटत नाही. लिहायची पद्धतच ती.

मी लिहिलं, ‘संशोधक विद्यार्थिनीच्या वैयक्तिक अडचणीमुळे’. खाली सही केली आणि फॉर्म उज्ज्वलापुढं सरकवला.

तिनं वाचलं. “सर, माझी कुठं अडचण हाय?”

“फॉर्मात असंच लिहितात.”

“पण चूक तर...” ती थांबली. ‘तुमची’ हा शब्द ती माझ्यासमोर कधी असा वापरणार नव्हती, आणि मला ते माहीत होतं.

“कर सही,” मी म्हणालो. “माझ्यावर सोड.”

“व्हय सर,” ती म्हणाली, आणि सही केली. सरांचा प्रोग्राम घेतला होता तशीच, न उघडता.

फॉर्म मी स्वतः पीएच.डी. सेक्शनला नेऊन दिला. तिथं सलीमभाई होते, सेक्शनचे जुने क्लार्क. विद्यापीठाचा प्रत्येक नियम त्यांना तोंडपाठ. त्यांनी चष्मा वर करून फॉर्म वाचला, कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“पर्सनल है क्या सर? पक्का?”

“हो.”

“दुसरा कुछ रीझन नै?”

“नाही,” मी म्हणालो. “तेच आहे.”

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग शिक्का मारला आणि कागद ट्रेमध्ये टाकला.

दहा दिवसांनी पीएच.डी. समितीचं पत्र आलं. वैयक्तिक कारणास्तव मुदतवाढ एकदाच देता येते. विद्यार्थिनीनं ती पूर्वी घेतलेली आहे. विनंती अमान्य. महिनाअखेर नोंदणी संपुष्टात येईल.

मी कुलगुरूंना भेटलो. त्यांनी फाइल मागवली, कारण वाचलं, म्हणाले, “यात मी काय करू?” खरंच काय करणार होते? मी तिथंही खरं बोललो नाही. तोंड उघडलं होतं. पण एकदा सहीनिशी लिहिलेलं खोटं परत घ्यायचं म्हणजे दोन चुका कबूल करायच्या, आणि एकीचंही धैर्य माझ्यात नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी उज्ज्वला विभागात आली. ड्रॉवर रिकामा केला. सीडी, वह्या, पाण्याची बाटली. मी म्हणालो, नव्यानं नोंदणी कर, माझ्या ओळखीत दुसरे गाईड आहेत, मी बोलतो. ती “बघते सर” म्हणाली. आम्हा दोघांनाही माहीत होतं की ती बघणार नाही. नवी नोंदणी म्हणजे नवी परीक्षा, नवा विषय, आणखी पाच-सहा वर्षं. कॉलेजातली जागा त्याच उन्हाळ्यात भरली गेली. बाहेरून कुणी डॉक्टर आले. जूनमध्ये उज्ज्वलाचे तासही त्यांनाच गेले.

जाताना ती व्हरांड्यात त्या फ्रेमसमोर थांबली होती. मी खिडकीतून बघत होतो. बाहेर जाऊन तिच्याशेजारी उभं राहण्याची माझी छाती झाली नाही.

समारंभ झाला. गौरवपुस्तिका निघाली. शाल घेताना मला वाटत होतं, आता कुणीतरी उठून विचारेल. कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी जेवणाची तारीफ केली.

गिरीश प्राचार्य झाल्यावर मी जर्नलला लिहिलं. त्याची परवानगी घेतली नाही; त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. आमच्या पेपरची दुरुस्ती अर्ध्या पानात छापून आली. चूक माझी असल्याचं आणि ती उज्ज्वलानं शोधल्याचं त्यात लिहिलं आहे. माझ्या सगळ्या लिखाणात तेवढं अर्धं पान बरोबर आहे, असं मी आता म्हणतो.

त्याची प्रत घेऊन मी शेंद्र्याला गेलो. उज्ज्वला आता तिथल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजते. गेटजवळच्या टपरीवर भेटली, निळा ॲप्रन घालून, जेवणाच्या सुट्टीत. तिनं अर्धं पान उभ्याउभ्या वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

“कसं चाललंय?” मी विचारलं.

“बरं चाललंय सर. इथं एक चांगलंय. सकाळी आल्या आल्या पयलं गेज तपासायचं, मापायचं यंत्र. ते बरोबर हाय का बघायचं. मगच माल मोजायला घ्यायचा. सायबाचं गेज असलं तरी.”

ती टोमणा मारत नव्हती. सांगत होती. तिच्या चेहऱ्यावर राग शोधला, तो नव्हता. चहा तिनंच मागवला आणि पैसेही मला देऊ दिले नाहीत. निघताना म्हणाली, “सर, तुम्ही लई प्रयत्न केला माझ्यासाठी. कुलगुरूंपर्यंत गेलात. नियमच तसा व्हता, त्याला तुम्ही काय करणार?”

मी मान हलवली. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. चूक माझी, पण दार बंद केलं ते नियमानं. त्या आधारावर मी बरेच दिवस काढले.

मग पेन्शनच्या एका कागदासाठी विद्यापीठात जावं लागलं. सलीमभाई त्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. इकडचं-तिकडचं झाल्यावर त्यांनीच विषय काढला.

“वो शेंद्रे की बच्ची का क्या हुआ सर?”

मी सांगितलं. चूक कुणाची होती तेही सांगितलं. आता सांगायला काय हरकत होती? सलीमभाईंनी कप खाली ठेवला.

“गाइड की गलती थी?”

“हो.”

“तो लिखना था ना सर वैसा! गाइड या डिपार्टमेंट की वजह से देर हुई तो एक साल मिलता है. कमिटी को पूछना भी नै पड़ता, सेक्शन से ही होता है. मैं खुद करता था.” त्यांनी ड्रॉवरमधून नियमांची ती पिवळी पुस्तिका काढली आणि पान उघडून माझ्यासमोर धरली. “इसीलिए तो पूछा था मैंने, दुसरा कुछ रीझन नै क्या करके.”

मी वाचलं. चार ओळींचा नियम. तिसऱ्या ओळीत सगळं होतं. ही पुस्तिका दर वर्षी प्रत्येक गाईडला येते आणि पोचपावतीवर आपण सही करतो. माझ्याही बावीस सह्या तिथं असतील.

सलीमभाई आणखी काही म्हणाले असतील. मला आठवत नाही. मी बाहेर आलो तेव्हा पेन्शनचा कागद तिथंच राहिला होता.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना सांगण्यासारखं माझ्याकडं फारसं काही नाही. वेळेचा रकाना कुणी भरलाय ते विचारा. पाहिल्याशिवाय ‘पाहिले’ लिहू नका. आणि कारणाच्या रकान्यात कारण लिहा.

तो आलेख अजून व्हरांड्यात आहे. मी दोनदा काढायला सांगितलं. भिंतीवर डाग दिसेल म्हणून काढत नाहीत.

सलीमभाई जे म्हणाले ते मी उज्ज्वलाला सांगितलेलं नाही. दोनदा शेंद्र्यापर्यंत गेलो, गेटसमोर उतरलो आणि तिकडून येणाऱ्या बसनं परत आलो. अजून ती मला सणासुदीला फोन करते आणि दर वेळी म्हणते, सर, तुम्ही लई केलं माझ्यासाठी. हे छापून आलं तर ती वाचेल. मग तिचा फोन येणार नाही.